अकराशे सत्त्याऐंशीची जाग

मिहिर सबनीसने भिंतीवरच्या पडद्यावर तक्ता उघडला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे बघ, आणि मी उगाच घाबरतोय असं सांग."

उल्का बेहेरेने ओळ वाचली. संच क्रमांक अकराशे सत्त्याऐंशी. बत्तीस इंची टीव्ही, २०१९ साली घेतलेला, म्हणजे आज एकोणीस वर्षांचा. नाव आनंदा रामू शेलार, मुक्काम निवळवाडी, कोयनेच्या जलाशयापलीकडे. गेल्या दहा आठवड्यांत हा टीव्ही नऊ वेगवेगळ्या घरांच्या इंटरनेटवरून चालला होता. दर सोमवारी घर बदलत होतं आणि दहाव्या सोमवारी तो पुन्हा पहिल्या घरी आला होता.

"आणि हा रकाना बघ. दर सोमवारी आधी एकदा नकार, मग अर्ध्या तासाने होकार. कुणीतरी कुलूप चाचपडतंय, उल्का."

तो उगाच घाबरतोय असं उल्काला म्हणता आलं नाही. तिने नकारांचा रकाना वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला.

बारा वर्षांपूर्वी या दोघांनी मिळून 'चित्रधारा' सुरू केली होती. बाणेरच्या दोन खोल्यांत सुरू झालेली ही कंपनी आता तीन कोटी घरांत चित्रपट आणि मालिका पोचवत होती. मिहिर कारभार बघायचा, उल्का यंत्रं. तळघरात तिची एक प्रयोगशाळा होती. तीत तीनशे चाळीस जुने टीव्ही, फोन आणि टॅब्लेट रात्रंदिवस चालू असायचे. चित्रधारेत कोणतीही नवी गोष्ट आली की ती या म्हाताऱ्या यंत्रांवर चालते का, हे आधी तिथे तपासलं जायचं. कंपनीतले लोक त्या खोलीला पांजरपोळ म्हणायचे. उल्काला ते नाव आवडायचं.

गेल्या दोन वर्षांत मात्र या पांजरपोळावरच गदा आली होती. चित्रपट घरोघरी जातो तो कुलूपबंद होऊन. ते कुलूप उघडायची किल्ली प्रत्येक यंत्रात असते. नव्या टीव्हींमध्ये तिच्यासाठी वेगळी, सीलबंद चिप असते. जुन्या यंत्रांत ती साध्या मेमरीतच ठेवलेली, म्हणजे उशीखाली ठेवल्यासारखी. चोरांनी ती काढायची सोपी हत्यारं तयार केली. एका जुन्या टीव्हीतून किल्ली उचलायची आणि दहा हजार पडद्यांवर तोच चित्रपट फुकट दाखवायचा. निर्माते संघाने शेवटी निर्वाणीचं सांगितलं होतं: एक एप्रिलपासून जुनी यंत्रं बंद करा, नाहीतर आम्ही आमचे चित्रपट काढून घेतो. चित्रधारेवर अशी जुनी यंत्रं एकतीस लाख होती.

त्याच सुमारास उल्काला 'जाग' सापडली.

मेमरीच्या चिपमध्ये लाखो सूक्ष्म कप्पे असतात. वीज मिळाली की प्रत्येक कप्प्याला शून्य किंवा एक, यांतल्या एका बाजूला कलावंच लागतं. कुठल्या बाजूला, ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. वर्गातल्या मुलांना अचानक 'उठा' म्हटलं, तर कुणी डाव्या हातावर भार देऊन उठतं, कुणी उजव्या, तसंच हे. कारखान्यात चिप घडताना काही अणू इकडेतिकडे झालेले असतात आणि त्यावरून प्रत्येक कप्प्याचा कल ठरतो. त्यामुळे प्रत्येक यंत्र आपापल्या पद्धतीने जागं होतं, आणि जगात दुसरं कुठलंच यंत्र तसं जागं होत नाही. ही गोष्ट शास्त्रज्ञांना जुनीच होती. पण वय वाढतं तसा हा कल हळूहळू सरकतो, म्हणून जुन्या यंत्रांसाठी ती निरुपयोगी, असं सगळे धरून चालले होते. उल्काने पांजरपोळातल्या यंत्रांचं हे सरकणं दोन वर्षं रोज मोजलं. तिला दिसलं की म्हातारपणही ज्याचं त्याचं असतं. ते सावकाश येतं, आणि रोज लक्ष ठेवलं तर त्याचा माग काढता येतो.

मग तिने ठरवलं की किल्ली यंत्रात ठेवायचीच नाही. यंत्र जागं होताना जी ठेवण उमटते, तिच्यातूनच किल्ली तयार करायची. प्लग काढला की किल्ली नाहीशी. जी वस्तू कुठे ठेवलेलीच नाही, ती चोरणार कशी?

निर्माते संघाने दोन हजार जुन्या संचांवर प्रयोगाला परवानगी दिली, पण दोन अटींवर. एका जरी संचाची किल्ली बाहेर गेली, तर प्रयोग तिथेच संपला. आणि 'एक घर, एक परवाना' हा नियम या संचांनाही लागू राहील.

"दोनच शक्यता आहेत," मिहिर म्हणाला. "एक तर कुणीतरी 'जाग'ची नक्कल करून नऊ टीव्हींवर बसवलीय..."

"तसं असेल तर माझं सगळं कामच खोटं ठरतं."

"किंवा मग तो टीव्ही खरोखरच नऊ घरांतून फिरतोय. बत्तीस इंची टीव्ही दर आठवड्याला उचलून कोण नेतं, सांग मला! बुधवारी निर्मात्यांची बैठक आहे. आजच तो संच बंद करून टाक."

"बंद केला तर काय झालं होतं ते कधीच कळणार नाही. मला सोमवारपर्यंत वेळ दे. मी जाऊन येते."

मिहिरने तक्ता मिटला. "सोमवार रात्रीपर्यंत," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी बामणोलीहून सुटलेल्या पहिल्या लाँचमध्ये उल्का एकटीच प्रवासी होती. मांडीवर तपासणीची पेटी, अंगावर दोन स्वेटर. पाण्यावरून धुकं सरकत होतं. लाँचवाल्याने तिला पलीकडच्या काठावर उतरवलं, एक चढण दाखवली आणि दुपारी दोनला परत येतो म्हणून सांगितलं.

निम्मी चढण चढली असेल नसेल, तोच वरून माणसं येताना दिसली. चौघं होती, सगळी साठीच्या पुढची. बांबूला झोळी बांधलेली आणि झोळीत वाकळीत गुंडाळलेलं काहीतरी. पुढचा माणूस मागच्यांना ओरडून सांगत होता, "दमानं! हितं घसरण हाय!"

उल्का धावतच पुढे गेली. "कोण आजारी आहे? लाँचला हाक मारू का? अजून फार लांब गेली नसेल."

चौघं थांबली. कानटोपी घातलेल्या पुढच्या माणसाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आजारी कोण न्हाय बाई. टीव्ही हाय."

उल्का खाली दगडावर बसली आणि तिला हसूच आवरेना. चौघं तिच्याकडे बघत उभी राहिली. आपण इतकं का हसतोय हे त्यांना कसं सांगावं, ते तिला सुचेना. तिची जाग खोटी ठरली नव्हती. चोर नव्हता. टीव्ही खरोखरच चालत घर बदलत होता.

मग तिने आपलं नाव आणि काम सांगितलं. कानटोपीवाला म्हणजेच आनंदा शेलार. तरुणपणी तीस वर्षं मुंबईत माथाडीचं काम करून तो गावी परतला होता. चित्रधारेचं नाव ऐकताच त्याचा चेहरा उतरला.

"बंद करायला आलासा व्हय?"

"अजून काही ठरलेलं नाही, शेलारकाका. मी बघायला आलेय."

"मग चला. आज शालनवैनीकडं पाळी हाय."

निवळवाडीत नऊच घरं. प्रत्येक छपरावर ग्रामपंचायतीने दिलेली इंटरनेटची थाळी आणि सौर बॅटरी. पोरंबाळं मुंबईला, मागे म्हातारी माणसं. शालन सपकाळ यांचं घर वाडीच्या टोकाला होतं. बहात्तर वर्षांची, डाव्या पायाने जरा लंगडणारी ही बाई अंगणात वाट बघत उभी होती. घरात वाडी आधीच जमली होती. उल्काने मोजलं, सतरा माणसं.

टीव्ही फळीवर बसला. आनंदाने प्लग लावला. पडद्यावर पाटी आली: हा संच ओळखता आला नाही.

उल्का झटकन पुढे सरकली. बाकी कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"गारठलाय," शालनबाई म्हणाल्या. "काढा ती पिन. आना हिकडं."

प्लग निघाला. टीव्ही पुन्हा वाकळीत गुंडाळून चुलीपासून दोन हातांवर ठेवला गेला, आणि चहाचं आधण चढलं. उल्काने घाईघाईने पेटी उघडून टीव्हीच्या पाठीला तपमापक लावला. अकरा अंश. ती त्या आकड्याकडे बघत राहिली आणि एकेक गोष्ट तिच्या डोक्यात जागेवर बसू लागली. थंडीत मेमरीचे कप्पे वेगळे कलतात. तिने गणितात तापमानाची दुरुस्ती घातली होती, पण अठरा अंशांपर्यंतच. पांजरपोळात तापमान कायम अठराच्या वर असायचं; त्याच्याखाली कुठलाच टीव्ही कधी गेला नव्हता. एरवी हा टीव्ही नुसता झोपायचा, त्याचा प्लग निघायचा नाही, म्हणून त्याला नव्याने जागं व्हावं लागत नसे. सोमवारी मात्र तो डोंगराच्या सावलीतून, अंग गारठवून यायचा आणि स्वतःलाच ओळखेनासा व्हायचा.

"शेक द्यायचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगनार कोन?" शालनबाई म्हणाल्या. "कोंबडीची पिल्लं गारठली की देतोच की."

वीस मिनिटांत चहा झाला. आनंदाने पुन्हा प्लग लावला आणि चित्र झळकलं. पेटीने मोजलेली जाग पुण्याला ठेवलेल्या नोंदीशी तंतोतंत जुळली.

आता उल्काला एकच विचारायचं उरलं होतं. "पण हा फिरवायचा कशासाठी? एकाच घरी ठेवून सगळ्यांनी तिथे यावं, किंवा प्रत्येकाने आपला घ्यावा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग शालनबाईच बोलल्या.

"आधी नऊच्या नऊ घरांत व्हता टीव्ही. तीन वर्सं झाली. मी मागच्या खोलीत पडले, पाय मोडला. दोन दिस पडून व्हते. हाका मारल्या, पन टीव्ही चालूच व्हता न्हवं! पन्नास पावलांवर आनंदाभावजींचं घर. त्यांना वाटलं, आवाज येतुया म्हंजी वैनी बरी हाय."

आनंदाने मान खाली घातली. "त्या दिवसापासनं ठरवलं. टीव्ही एकच ठेवायचा, आन् त्यो फिरवायचा. एकाच घरी ठेवला तर त्येच एक घर हुईल समद्यांचं. पाळीनं फिरला की प्रत्येकाच्या उंबऱ्यात समद्यांचा पाय पडतो. कुनाचं छप्पर गळतंय, कुनाचा डबा रिकामा हाय, कोन औषिद घेत न्हाय, समदं कळतं. पोरं म्हंत्यात, बाबा, भिंतीएवढा टीव्ही आनून देतो. म्या म्हनतो, नगं. नऊ टीव्ही आलं की नऊ दारं लागली."

उल्काच्या हातातला चहा तसाच राहिला होता. शालनबाईंनी तो काढून घेतला आणि दुसरा, गरम आणून दिला.

दुपारी काठावर लाँचची वाट बघताना तिने मिहिरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून त्याने सोडलेला सुस्कारा तिला स्पष्ट ऐकू आला.

"म्हणजे जाग पक्की आहे. वाचलो! आता एवढंच कर. अहवालात लिही की पत्त्यांच्या नोंदीत गोंधळ होता, त्या नऊही जोडण्या एकाच घराच्या आहेत. कोण जातंय तिथे बघायला?"

उल्काने समोरच्या पाण्याकडे पाहिलं. खरंच कुणी येणार नव्हतं. एका ओळीने एकतीस लाख यंत्रं वाचत होती आणि निवळवाडीही.

"नाही लिहिणार," ती म्हणाली.

"उल्का, नियम मोडलाय त्यांनी. खरं सांगितलंस तर बुधवारी सगळं संपेल."

"माझं यंत्र खोटं बोलत नाही, एवढंच माझ्याकडे आहे, मिहिर. त्याच्या अहवालात मीच खोटं लिहिलं, तर उद्या जाग खरी आहे हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"एकतीस लाख घरं बुडवून तू खरी राहणार! बारा वर्षांत इतकी हटवादी कधी वागली नव्हतीस." त्याने फोन ठेवला.

पुण्याला पोचेपर्यंत तिच्या मनात तेच घोळत होतं. तो चुकीचं बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो निम्मं बरोबर बोलला होता. मंगळवारभर ती पांजरपोळात बसून राहिली. दोन जुने टीव्ही तिने शीतपेटीत घालून गारठवले आणि त्यांचे नकार मोजले. मिहिर दिवसभरात एकदाही खाली आला नाही.

बुधवारी निर्माते संघाचे सहा जण टेबलापलीकडे बसले होते. अध्यक्ष इंद्रायणी मंत्री यांनी पस्तीस वर्षांत बावीस चित्रपट काढले होते, आणि त्यातले तीन प्रदर्शनाआधीच चोरीला गेले होते. अहवाल त्यांनी चष्मा वर करून, शांतपणे वाचला.

"म्हणजे 'एक घर'चा नियम मोडला गेलाय," त्या म्हणाल्या.

"हो," उल्का म्हणाली. "नऊ घरं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

मिहिरने डोळे मिटून घेतले.

"पण हा नियम आपण का केला होता, ते एकदा बघू या," उल्का पुढे म्हणाली. "किल्लीची नक्कल व्हायची आणि ती घरोघर पसरायची. किल्लीला आपण कोंडू शकत नव्हतो, म्हणून घराला कुंपण घातलं. आता किल्ली त्या टीव्हीच्या बाहेर पडूच शकत नाही. हे दर सोमवारचे नकार बघा. हा टीव्ही थंडीत नेला की अडखळतो, ऊब मिळाली की उघडतो. चोरलेली किल्ली कधी गारठत नाही, बाई. ती पहिल्या झटक्यात लागते. हे नकारच सांगतायत की तिथे नक्कल नाही, तोच एक टीव्ही आहे. मग त्याच्यासाठी घर मोजायचं कारण काय उरलं? परवाना घराला नको, त्या यंत्राला द्या."

"आणि उद्या नव्या टीव्हीवालेही हेच मागतील," संघाच्या वकिलाने म्हटलं.

उल्का उत्तर शोधत होती, तेवढ्यात मिहिर उठून उभा राहिला. "नव्यांना नाही द्यायचं," तो म्हणाला. "त्यांची किल्ली चिपमध्ये ठेवलेली असते; ठेवलेली वस्तू आज ना उद्या निघते. त्यांना घराचा नियम राहू दे. जुन्या संचांना परवाना यंत्रावर, पण एका वेळी एकच पडदा. नवे चित्रपट त्यांना सहा आठवडे उशिरा, आणि चित्र साध्या प्रतीचं. तसंही त्यांच्या पडद्यांना त्याहून चांगलं दाखवता येत नाही. शिवाय प्रत्येक टीव्हीची जाग थंडीने आणि वयाने किती सरकली, त्याचा तक्ता दर महिन्याला तुमच्यासमोर. ज्या टीव्हीची जाग कधीच सरकत नाही, त्याच्यावर आधी संशय घ्यायचा."

उल्का त्याच्याकडे बघतच राहिली. हे सगळं त्याने कधी ठरवलं? मग त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिला दिसली.

इंद्रायणीबाईंनी अहवाल बंद केला. "सतरा माणसं एकत्र बसतात, असं लिहिलंय ना?"

"हो."

"माझा गेल्या वर्षीचा चित्रपट पाहिला का त्यांनी?"

उल्काने क्षणभर मिहिरकडे पाहिलं. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "पाहिला. निम्म्यावर कंटाळले, असं म्हणत होते. पण कुणी उठून गेलं नाही, कारण बाहेर गारठा होता."

टेबलापलीकडे कुणीतरी हसू दाबलं. इंद्रायणीबाई मात्र मोकळेपणाने हसल्या. "एकत्र बसून कंटाळले! आता लोक एकेकटेच कंटाळतात आणि दुसऱ्या मिनिटाला बंद करतात." त्यांनी वकिलाकडे वळून सांगितलं, "दोन वर्षांची मुदत द्या. तक्ता दर महिन्याला मी स्वतः बघेन."

बैठक संपल्यावर दोघं इमारतीच्या पायऱ्यांवर येऊन बसली. संध्याकाळचं ऊन समोरच्या टेकडीवर होतं.

"हटवादी म्हणालो होतो," मिहिर म्हणाला.

"आहेच मी."

"आहेसच. पण ती ओळ मी तुला लिहायला सांगितली, हे मला आवडलेलं नाही. मंगळवारी खाली यायचं धाडस होत नव्हतं. म्हणून वर बसून हे अटींचं काम केलं."

"चांगलं केलंस," उल्का म्हणाली. "माझ्याकडे वकिलासाठी काही उत्तर नव्हतं."

तिने आनंदा शेलारांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे गलका होता. ती सावकाश सांगू लागली: टीव्ही बंद होणार नाही, कुठल्याही घरात न्या, कागदावर तसं झालंय. आणि गारठ्याची चूकही मी आठवडाभरात दुरुस्त करतेय, आता शेक द्यायची गरज पडणार नाही.

"मंडळी, ऐकलंत का?" आनंदाचा आवाज आला. "न्हाय बंद होनार!" मागून एकच कल्लोळ उठला. मग तो पुन्हा फोनवर आला, आवाज जरा खाली करून. "म्याडम, एक इचारू? ती गारठ्याची चूक दुरुस्त न्हाय केली तर चालंल का?"

"का हो?"

"न्हाय, त्यो गारठतो तवाच चा व्हतो. लगीच लागला तर समदी गप त्याच्याकडंच बघत बसतील."

उल्काने मिहिरकडे पाहिलं. मिहिर हसत होता आणि मान हलवत होता.

"शेलारकाका, ते मला सगळ्याच टीव्हींसाठी करावं लागेल," ती म्हणाली. "पण तुम्हाला सांगते, टीव्ही आधी लावू नका. चहा झाल्यावर लावा."

पलीकडे क्षणभर विचार झाला. "हां," आनंदा म्हणाला, "हे बी जमंल. वैनी, म्याडम म्हंत्यात, आदी चा!"

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "गप ऱ्हावा, चालू झालं!" आणि त्या गडबडीत फोन बंद करायचं राहून गेलं. उल्कानेही तो बंद केला नाही. पायरीवर दोघांच्या मधे तिने तो ठेवला, आणि जलाशयापलीकडच्या त्या घरात सतरा माणसं कशाला हसतायत, ते दोघं कान देऊन ऐकत बसली.